मुरबाड-शहापुरात जमीन घेताना : सातबाऱ्याच्या पलीकडचे कागद

ठाण्यात फ्लॅटचे हप्ते सुरळीत झाले की अनेकांची नजर मुरबाड, शहापूर, टिटवाळ्याकडच्या ‘फार्महाऊस प्लॉट’वर जाते. एजंट मोबाइलवर सातबारा दाखवतो, नाव जुळतं आणि टोकन दिलं जातं. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. उलट सिद्ध होईपर्यंत त्यातली नोंद खरी धरतात, एवढंच. मालकी खरेदीखतावरून आणि वारसाहक्कावरून ठरते.

पहिला प्रश्न तुमच्या पात्रतेचा. शेतजमीन घ्यायची तर कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे तुम्ही शेतकरी हवेत, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पुरावा म्हणून स्वतःच्या किंवा वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा जोडतात. बिनशेती (एनए) प्लॉटला ही अट नाही, पण मग बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउट दोन्ही मागा. नुसतं ‘एनए होणार आहे’ हे ऐकून पैसे देऊ नका.

एजंटच्या पीडीएफवर विसंबू नका. महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा स्वतः काढा. आधी भूधारणा पद्धती बघा. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे हस्तांतरणावर बंधन असलेली जमीन, असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही.

मग ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचा, कारण ठाणे जिल्ह्यातली बरीच भानगड तिथेच दडलेली असते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर निदान तो फेडता येतो. कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. शहापूर-मुरबाडमध्ये हा मुद्दा हमखास येतो. आणि ‘खाजगी वन’ असा शेरा दिसला तर माझ्या मते तो व्यवहार सोडूनच द्यावा. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली अशी जमीन शासनाकडे जाते. ‘शेरा कमी करून घेऊ’ म्हणणाऱ्याला आधी तो कमी करून आणायला सांगा, मग बोलू.

खरा इतिहास फेरफारांत, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींत, असतो. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. वारस नोंदीत बहिणींची नावं गायब असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का ते विचारा. नसेल तर खरेदीनंतर दावा ठरलेला. विकणारा मुख्त्यारपत्रावर आला असेल तर ते नोंदवलेलं, चालू आणि विक्रीचा अधिकार देणारं आहे का, हे तपासा. नुसत्या मुख्त्यारपत्राने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय. सोबत वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदवलेल्या व्यवहारांची तपासणी, घ्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, तुम्हालाही बघता येतो.

गुंठ्यांच्या जाहिरातींत बहुधा सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवून देतात. नाव लागतं, पण तुमचा तुकडा कुठला हे कागदावर कुठेच नसतं. शिवाय शेती झोनमध्ये जमिनीचे छोटे तुकडे पाडायला रोखणारा 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. म्हणून नगररचना कार्यालयाचा झोन दाखला आणि भूमी अभिलेखची मोजणी, म्हणजे ‘क’ प्रत, दोन्ही हवेत. लेआउट 500 चौरस मीटरहून मोठा आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांकही मागा.

नवी मुंबईतला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, म्हणजे जमीन संपादित झालेल्या प्रकल्पग्रस्तांना मिळालेला, वेगळाच प्रकार. तो सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असतो. वाटपपत्र, भाडेकरार आणि सिडकोची हस्तांतरण परवानगी पाहिल्याशिवाय रक्कम सोडू नका.

खरेदीखत नोंदवल्यावर फेरफार लागतो. नोटीस निघाल्यावर हरकतींसाठी 15 दिवस असतात आणि ती नोंद ‘आपली चावडी’ या महसूल विभागाच्या संकेतस्थळावर दिसते. ती मंजूर होऊन नवा सातबारा हातात येईपर्यंत पाठपुरावा तुम्हीच करायचा.