पुरात बुडालेला टीव्ही

ऑगस्ट २०१९, कोल्हापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेलेलं. पूर ओसरला तसा घराघरांतून आधी चिखल निघाला, मग टीव्ही, फ्रिज, मिक्सर. आमचा टीव्ही बघायला सर्व्हिस सेंटरचा माणूस आला आणि मागचं झाकण न उघडताच म्हणाला, "बोर्ड गेला, बदलावा लागेल." त्या किमतीत नवा टीव्ही जवळपास आलाच असता. शेवटी गल्लीतल्या मेकॅनिककडे नेला. त्यानं बोर्ड काढला आणि चक्क धुतला!

पाणी लागलं की बोर्ड मेला, हे अर्धसत्य. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम वाहते. घात करतात ते पुराच्या पाण्यात विरघळलेले क्षार. ओल्या बोर्डाला वीज मिळाली की धन टोकाकडचे तांब्याचे, कथलाचे आयन (विद्युतभार असलेले कण) सुटतात आणि ऋण टोकावर जाऊन झाडाच्या फांद्यांसारखे साठत जातात. फांदी पलीकडे पोचली की शॉर्ट. म्हणजे बंद असताना भिजलेला टीव्ही बऱ्याचदा वाचतो. त्याला मारतो तो "चालतोय का बघू" म्हणून दाबलेला स्विच. (भिजलेला मोबाइल तांदळात पुरण्याचा उपायही सोडा. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, क्षार तर नाहीच नाही.)

मेकॅनिकनं आधी स्वच्छ पाण्यानं आणि ब्रशनं गाळ काढला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं. ते पाण्यात मिसळतं, बारीक फटींतलं पाणी बाहेर काढतं आणि भरकन उडून जातं. मग मंद उष्णतेत वाळवण. पडद्याच्या थरांत पाणी शिरलं असतं तर त्याचाही नाइलाज होता. आमचं नशीब, टीव्ही भिंतीवर उंच होता, खालची कड तेवढी भिजली होती.

एरवी त्याच्याकडे येणारं दुखणं म्हणजे फुगलेला कपॅसिटर. वीज साठवणाऱ्या या छोट्या डबीत द्रव असतो, तो उष्णतेनं हळूहळू सुकतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की डबीचं आयुष्य निम्मं. म्हणून बंद कपाटात कोंबलेला सेटटॉप बॉक्स लवकर दगा देतो. कपॅसिटर दहा-वीस रुपयांचा, पण त्याच्यापायी अख्खी वस्तू भंगारात जाते.

भंगारात गेली तर काय बिघडलं, असं कोल्हापूरकराला वाटू शकतं. आपल्या फाउंड्रीत मोडकं बीड (ओतीव लोखंड) वितळतं आणि पुन्हा बीडच होतं. बोर्डाचं तसं नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंत मिळून साठेक मूलद्रव्यं असतात, काही नुसत्या कणाएवढी. वितळवून तांबं, सोनं मिळतं. बाकीचं बरंचसं हातचं जातं आणि चिप बनवायला लागलेली वीज तर परत येतच नाही. स्मार्टफोनच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो आपल्या खिशात येण्याआधीच झालेला असतो. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, त्यातला नोंद होऊन नीट पुनर्वापराला गेला तो एक चतुर्थांशापेक्षाही कमी. वस्तू फेकण्याऐवजी पुन्हापुन्हा वापरात आणणाऱ्या चक्राकार अर्थव्यवस्थेत सगळ्यात छोटं, स्वस्त चक्र दुरुस्तीचं, ते या हिशेबानं.

उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वस्तीत, जुन्या मशिनचा भाग मिळेना झाला तर लेथवर बनवून घेतात. चिप काही लेथवर निघत नाही. शिवाय काही मोबाइलमध्ये सुटा भाग मूळ बोर्डाशी सॉफ्टवेअरनं बांधलेला. अस्सल भाग बसवला तरी फोन कुरकुरतो. फ्रान्सनं २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. गुण छापावेतच, पण ते गिऱ्हाइकासाठी. मेकॅनिकला हवा सर्किटचा नकाशा, आणि नेमका तोच कंपन्या सहसा देत नाहीत.

आमच्या मेकॅनिककडेही नव्हता. धुऊनही टीव्ही सुरू होईना, तेव्हा त्यानं त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड शेजारी ठेवला आणि मल्टिमीटरनं एकेक जागा ताडून पाहिली. दीड दिवस गेला. सापडला तो एक बिघडलेला डायोड, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा चिमुकला भाग. असे जुने बोर्ड तो टाकत नाही. माळ्यावर खोक्यांत मॉडेलवार लावून ठेवतो. माळा का, विचारलं तर भिंतीवरची पुराची रेघ दाखवतो.