सीनियर डे (शालेय रोइंग)

सीनियर डे : अमेरिकेतील सार्वजनिक हायस्कुलांच्या रोइंग संघांमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचा हंगाम सरत आला असताना जाहीर गौरव करण्याची प्रथा. तिथले हायस्कूल चार वर्षांचे असते. नववीचा तो फ्रेशमन, दहावीचा सॉफमोर, अकरावीचा ज्युनियर आणि बारावीचा सीनियर. सार्वजनिक शाळा म्हणजे करांच्या पैशावर चालणारी, त्या भागात राहणाऱ्या मुलांना फी न घेता शिकवणारी शाळा. या शाळांत रोइंगला बहुधा ‘क्रू’ म्हणतात आणि हा शब्द संघालाही चालतो, खेळालाही. आपल्याकडच्या दहावी-बारावीच्या निरोप समारंभाची आठवण यावी अशी ही गोष्ट आहे, मात्र ती शाळेच्या सभागृहात होत नाही. ती नदीकाठी होते, बहुतेकदा शनिवारी, दोन शर्यतींच्या मधल्या वेळात, आणि सत्काराचे मानकरी घामाने भिजलेले असतात.

मूळ चाल या खेळाची नव्हे. अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉलच्या संघांत ‘सीनियर नाइट’ असते : घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, दिव्यांचा झगमगाट, ध्वनिक्षेपकावरून पुकारलेली नावे. रोइंगमध्ये यातले काहीच नाही. शर्यती दिवसा होतात, प्रेक्षागृह असलेच तर शेवटच्या रेषेपाशी, आणि हायस्कूलच्या १५०० मीटरच्या शर्यतीतला मोठा भाग काठावरच्या माणसाला दिसतच नाही. पालक तासभर गाडी चालवून येतात, घडीच्या खुर्च्या मांडतात आणि आपले मूल मिनिटभर, तेही दुरून पाहतात. म्हणून ‘नाइट’चा ‘डे’ झाला आणि मैदानाच्या जागी होड्यांचा धक्का आला.

या खेळात एकेकट्याला ओळख मिळणे मुळातच अवघड. आठ जणांच्या होडीत (‘एट’मध्ये) प्रत्येकाच्या हाती एकच लांब वल्हे असते. आठही जण पाठ पुढे करून बसतात, म्हणजे ज्या दिशेला होडी जाते ती दिशा त्यांना दिसत नाही. पुढे पाहतो तो फक्त कॉक्स, म्हणजे सुकाणू धरून हुकूम देणारा नववा. गोल नाहीत, धावा नाहीत, कोणी किती जोर लावला याचा हिशेब फलकावर येत नाही. उलट, काठावरून एखादा खेळाडू वेगळा उठून दिसला तर समजावे, त्याचे काहीतरी चुकते आहे. वल्हे पाण्यात अडकून बसले की त्याला रोइंगवाले ‘क्रॅब’ म्हणतात, आणि बघ्यांना नेमका तेवढाच दिसतो. चार वर्षे सातजणांसारखे हलण्याचा सराव केलेल्या मुलाला सीनियर डेच्या दिवशी नावाने पुकारून एकट्याने चालायला लावतात. बरीच मुले त्या दहा-बारा पावलांत अगदी अवघडून जातात.

अमेरिकेतले शालेय रोइंग दीर्घकाळ खाजगी निवासी शाळांचे आणि कॅथलिक शाळांचे मानले गेले, पण सार्वजनिक शाळांचाही त्यात जुना वाटा आहे. व्हर्जिनियातील आर्लिंग्टनच्या वॉशिंग्टन-ली या सार्वजनिक हायस्कूलने (२०१९ पासून वॉशिंग्टन-लिबर्टी) १९६४ आणि १९६९ मध्ये इंग्लंडच्या हेन्ली रेगाटात (रेगाटा म्हणजे होड्यांच्या शर्यतींची स्पर्धा) शाळांसाठी असलेला प्रिन्सेस एलिझाबेथ चषक जिंकला होता. मिशिगनमध्ये डेट्रॉइट नदीकाठच्या वायनडॉट गावात रोइंग गावकीचाच खेळ आहे. फिलाडेल्फियात ‘फिलाडेल्फिया सिटी रोइंग’ ही संस्था शहरातल्या सार्वजनिक शाळांच्या मुलांना मोफत शिकवते. तरीही पैशाचा प्रश्न सुटलेला नाही. नव्या एटची किंमत चाळीस हजार डॉलरच्या पुढेच जाते. त्यात वल्ही, होड्या वाहून नेणारा ट्रेलर, प्रशिक्षकाची मोटरबोट आणि विमा यांची भर पडते. व्हर्जिनियाच्या फेअरफॅक्स काउंटीत क्रू हा शाळेच्या अंदाजपत्रकातला खेळ नसून क्लबसारखा चालतो. नाव आणि रंग शाळेचे, खर्च पालकांच्या ‘बूस्टर’ मंडळाचा. तिथल्या अनेक शाळा ऑकोक्वान जलाशयावरच्या सँडी रन या एकाच उद्यानातून होड्या पाण्यात उतरवतात. शेजारच्या अलेक्झांड्रियाच्या हायस्कूलला पोटोमॅकच्या काठी स्वतःचे बोटहाऊस आहे, पण असे भाग्य थोड्यांचेच.

सीनियर डेचे रूप या व्यवस्थेतूनच आले आहे. समारंभ शाळा करत नाही, बूस्टर पालक करतात, आणि त्यातही अकरावीच्या मुलांचे पालक. बारावीच्या पालकांनी त्या दिवशी फक्त पाहुणे व्हायचे, असा संकेत आहे. पुढच्या वर्षी अकरावीच्या पालकांची पाळी येतेच. फुले कोणी आणायची, फोटोंचे फलक कोणी छापायचे, तंबूतल्या टेबलावर काय ठेवायचे, याच्या याद्या महिनाभर आधी फिरू लागतात. (रेगाटातला जेवणाचा तंबू हा एक स्वतंत्र विषय आहे. सकाळी सहाला पॅनकेक, दुपारी पास्ता, आणि भूक न संपणारी साठ-सत्तर मुले.) मुलांच्या घरांपुढच्या हिरवळीवरही त्या आठवड्यात नाव, फोटो आणि ‘सीनियर’ असे लिहिलेल्या पाट्या रोवलेल्या दिसतात.

प्रत्यक्ष सोहळा पंधरा-वीस मिनिटांचा. खालच्या वर्गांची मुले धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर समोरासमोर दोन रांगा करतात आणि वल्ही उंच धरून त्यांची पाती एकमेकांना टेकवतात. वल्ह्यांची कमान तयार होते. एका बाजूला एकच वल्हे मारण्याच्या प्रकारातले हे वल्हे पावणेचार मीटरच्या आसपास लांब असते. कार्बनचे असल्याने वजनाला हलके, पण टोकाच्या रुंद पात्यात वारा भरला की नववीतल्या मुलाच्या हातात ते डुलू लागते, आणि कमानीखालून जाणाऱ्या आया डोके वाचवत वाकतात. ध्वनिक्षेपक किंवा साधा भोंगा घेतलेला प्रशिक्षक नाव पुकारतो. मुलगा किंवा मुलगी आईवडिलांच्या मधून चालत येते, आईला फूल देते, आणि तेवढ्यात तिच्याबद्दलचा एक परिच्छेद वाचला जातो : क्रूमध्ये किती वर्षे, कोणत्या होडीत कितव्या जागेवर, आवडती आठवण, पुढे कुठे शिकणार. हा मजकूर मुलांनीच लिहून दिलेला असतो, त्यामुळे आवडत्या आठवणी रंजक निघतात. जिंकलेल्या शर्यती त्यात कमी येतात. ट्रेलर चिखलात रुतला ती सकाळ, बर्फाळ मार्चमध्ये होडी उलटली तो दिवस, आणि पहाटेच्या बसमध्ये कोण कोणाच्या खांद्यावर झोपले, हेच जास्त.

‘आईवडील’ हा शब्द आता बरेच संघ टाळतात. सोबत कोणालाही आणा, असे सांगितले जाते. आजी येते, मोठा भाऊ येतो, एखाद्याबरोबर गणिताचे शिक्षक येतात. शनिवारी कामावर जावे लागणाऱ्या घरांतली मुले कमानीखालून एकटी चालू नयेत, हा त्यामागचा साधा हेतू.

समारंभाचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे ‘सीनियर बोट’. काही संघ त्या दिवशी बारावीच्या मुलांची वेगळी होडी बनवून एक शर्यत किंवा निदान एक फेरी मारू देतात. तिच्यात पहिल्या व्हर्सिटी (शाळेच्या अव्वल संघाच्या) होडीतला तगडा मुलगा आणि चार वर्षांत तिसऱ्या होडीच्या पुढे न गेलेला मुलगा शेजारी बसतात. चार वर्षे आज्ञा सोडणारी कॉक्स कधी वल्हे हाती घेते, आणि तिच्या जागी सहा फुटी खेळाडू गुडघे पोटाशी घेऊन कॉक्सच्या खोबणीत कोंबला जातो. होडी वाकडीतिकडी जाते आणि काठावर हशा पिकतो. मात्र त्याच दिवशी राज्य स्पर्धेच्या निवडीसाठी महत्त्वाची शर्यत असली की प्रशिक्षकापुढे पेच उभा राहतो : वेगवान दहावीवाल्याला बसवायचे की संथ बारावीवाल्याला? काही जण दोन शर्यती वेगळ्या ठेवून वाट काढतात, काही सरळ वेगाच्या बाजूने उभे राहतात. बूस्टर मंडळातली बरीच भांडणे इथूनच सुरू होतात, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकताना पटते, हीच अडचण आहे.

भेटवस्तूंचे ठरलेले प्रकार आहेत : संघाच्या रंगात रंगवलेले छोटे लाकडी वल्हे, त्यावर नाव आणि वर्ष, जुन्या, तुटलेल्या वल्ह्याचे पाते, ज्यावर सगळ्यांच्या सह्या, किंवा चौकटीत बसवलेला फोटो. नव्या होडीचे नामकरण असेल तर तेही याच दिवशी उरकतात. शाळकरी मुलांचा कार्यक्रम असल्याने शॅम्पेन नाही, नदीचे पाणी किंवा सफरचंदाचा रस टोकावर ओततात. जिंकल्यावर कॉक्सला पाण्यात फेकण्याची रोइंगमधली जुनी रीत आहे. सीनियर डेला न जिंकताही ती पाळली जाते, पाणी फार गार नसेल तर.

हंगामाच्या शेवटी जेवणाचा कार्यक्रम होतो, त्याला ‘बँक्वेट’ म्हणतात. तिथे फोटोंची चित्रफीत दाखवतात आणि ‘व्हर्सिटी लेटर’ म्हणजे जाकिटावर शिवायचे शाळेचे कापडी आद्याक्षर देतात. बारावीची मुले आपले ‘मृत्युपत्र’ वाचतात, ते मात्र ऐकण्यासारखे असते. भोके पडलेले भाग्यवान मोजे अमक्याला, बसमधली मागची सीट तमकीला, आणि सरावघरातले कोपऱ्यातले अर्ग मशीन अशा कोणाला, ज्याला त्याची सर्वात जास्त भीती वाटते. (अर्ग म्हणजे अर्गोमीटर, जमिनीवर वल्हवण्याचे यंत्र. त्यावरच्या दोन हजार मीटरच्या चाचणीने निवड ठरते, आणि तिच्याबद्दल प्रेमाने बोलणारा रोइंगपटू विरळा.)

वाचल्या जाणाऱ्या परिच्छेदातील ‘पुढे कुठे’ या ओळीला मुलींच्या बाबतीत वेगळे वजन आहे. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये झाला. पुढे फुटबॉलच्या मोठ्या पुरुष संघांशी समतोल साधायला विद्यापीठांना मोठे महिला संघ हवे होते, आणि रोइंगमध्ये एका वेळी अनेक मुली सामावतात. १९९७ पासून एनसीएए ही महाविद्यालयीन क्रीडासंस्था महिला रोइंगची राष्ट्रीय स्पर्धा भरवते. पुरुषांचे रोइंग मात्र या संस्थेच्या छत्राखाली नाही. त्यामुळे नववीत वल्हे पहिल्यांदाच हाती धरलेली मुलगी बारावीत शिष्यवृत्ती घेऊन जाते, अशी उदाहरणे घडतात. पण कमानीखालून चालणाऱ्यांपैकी बहुतेकांचे स्पर्धात्मक रोइंग हायस्कूलबरोबरच संपते, आणि माझ्या मते या दिवसाची खरी गरज त्यांना असते.

सीनियर डे झाला म्हणजे हंगाम संपला असे नाही, ही यातली गंमत. घरच्या पाण्यावरची शेवटची रेगाटा एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला होते. त्यानंतर राज्य स्पर्धा, फिलाडेल्फियाच्या स्कूल्किल नदीवरची स्टोट्सबरी कप रेगाटा (ही १९२७ पासूनची) आणि पात्र ठरलेल्यांसाठी राष्ट्रीय शालेय स्पर्धा असते. मधेच मे महिन्यातल्या एपी परीक्षा (महाविद्यालयीन पातळीच्या विषयांच्या) आणि प्रॉम, म्हणजे शाळेचा नृत्यसमारंभ. शनिवारी हार-तुरे घेतलेला मुलगा सोमवारी पुन्हा सरावाला हजर असतो आणि खालच्या वर्गाची मुले त्याला ‘अजून गेला नाहीस?’ म्हणून छेडतात. शेवटची शर्यत कोणाची कुठली, हे मात्र आधी कळत नाही. एखादी होडी प्राथमिक फेरीतच अडकते आणि निरोप तिथेच, अनोळखी नदीवर, फुलांशिवाय होतो.

२०२० च्या वसंतात महासाथीमुळे स्टोट्सबरीसह सगळा हंगामच रद्द झाला. त्या वर्षीच्या सीनियरांसाठी पालकांनी हिरवळीवरच्या पाट्या, घरांवरून हॉर्न वाजवत जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा आणि पडद्यावरचे ऑनलाइन बँक्वेट असे मार्ग काढले. गाड्यांच्या टपावर बांधलेली वल्ही लोकांनी त्याच वर्षी पाहिली.

मराठी वाचकाला रोइंग अगदीच परके नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा (आता सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) बोट क्लब आणि त्याची रेगाटा अनेकांना ठाऊक आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात हा खेळ शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये (स्कल्स म्हणजे प्रत्येकाच्या हाती दोन वल्ही असलेला प्रकार) उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्ण जिंकलेल्या संघात होता. शालेय क्रूशी गाठ पडते ती मात्र उत्तर व्हर्जिनिया किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांची. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये, जिथे भारतीय वस्ती मोठी आहे, तिथेच मर्सर तलाव आहे आणि त्यावर रेगाटा भरतात. पहाटे पाचला मुलाला धक्क्यावर सोडणाऱ्या बाबांना हा खेळ कळायला एक-दोन हंगाम लागतात. आपला मुलगा जिथे जातोय तिकडे न बघता का बसतो, हा पहिला प्रश्न असतो.

फुले आणि फोटो झाल्यावरही होडी उचलायची राहतेच. कॉक्स ‘हँड्स ऑन’ म्हणते, आठ जण एट डोक्यावर घेतात, बोटहाऊसच्या फळीपर्यंत नेतात, ‘वे-नफ’ म्हटल्यावर थांबतात. मग साबणाच्या पाण्याने ती पुसायची. होडीतले बूट खेळाडूचे नसतात, होडीचेच असतात, फळीला स्क्रूने जखडलेले. चार वर्षे कोणीतरी तेच घातलेले असतात. हंगाम संपल्यावर पाचव्या जागेवर नवा मुलगा बसतो, बुटांत पाय घालून पाहतो, आणि पाय पुरत नाहीत म्हणून नट सैल करून फळी दोन खाचा जवळ ओढतो.