फीत, घड्याळ आणि पाठीवर पडलेला प्रशिक्षक

कबड्डीत कोपऱ्यातल्या गड्याने चढाई करणाऱ्याचा घोटा धरला की त्याच्या नावावर गुण लागतो. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाचे झेल मोजतात, गोलंदाजाची निर्धाव षटकंसुद्धा मोजतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र प्रत्येक संघात पाच माणसं अशी असतात की सामना संपला तरी त्यांच्या नावापुढचा रकाना कोराच राहतो. मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल, ही झाली ऑफेन्सिव्ह लाइन. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायचे, नाहीतर चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट फोडून द्यायची, एवढंच त्यांचं काम. नियम मोडला म्हणून पंचाने पिवळा रुमाल फेकला तरच त्यांचा नंबर पुकारला जातो, एरवी नाही.

आणि तरीही एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट जवळ आला की सगळ्यात बारीक मोजमाप होतं ते याच मंडळींचं. हाताची लांबी इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतात आणि त्यावरून आठवडाभर वाद घालतात. खेळात आकडा नसलेल्या माणसाला आकड्यात बसवण्याची ही खटपट जवळजवळ नव्वद वर्षांची आहे.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे, हे आधी सांगून टाकतो. इथे बोली नसते, पाळी असते. आदल्या हंगामात तळाला राहिलेला संघ कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंपैकी पहिला निवडतो, विजेता सगळ्यात शेवटी. आज अशा सात फेऱ्या होतात. पाळी वाया गेली की गेली.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. कल्पना बर्ट बेल यांची. चांगले खेळाडू दोन-चार श्रीमंत संघच पळवतात, तेव्हा दुबळ्याला पहिला मान द्या, असं त्यांचं म्हणणं. तळाला राहिलेला संघ त्यांचाच, फिलाडेल्फिया ईगल्स, हा तपशीलही विसरू नये. नऊ संघ, नऊ फेऱ्या आणि फळ्यावर खडूने लिहिलेली नव्वदेक नावं. खेळाडू बघायला गावोगाव फिरणारा स्काउट ही जमातच अजून जन्मली नव्हती. वर्तमानपत्रात वाचलेलं, ओळखीच्या प्रशिक्षकाने सांगितलेलं, एवढ्यावर निवड. सगळ्यात पहिला निवडला गेलेला जे बर्वँगर पुढे एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

शिकागो बेअर्सने त्या दिवशी पहिल्या फेरीत जो स्टायडहार हा टॅकल घेतला आणि अगदी शेवटच्या फेरीत डॅन फोर्टमन हा गार्ड. फोर्टमनची निवड बेअर्सचे मालक-प्रशिक्षक जॉर्ज हॅलस यांनी त्याचं नाव कानाला बरं वाटलं म्हणून केली, असा किस्सा सांगतात. तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि वजनाने शंभर किलोच्या आतला. त्याने बेअर्सकडून खेळता खेळता वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं आणि डॉक्टर झाला. स्टायडहार आणि फोर्टमन दोघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत आहेत. म्हणजे एकाच दिवशी, एकाच संघाने, फळ्यावरून दोन अस्सल मोती उचलले. पुढच्या नव्वद वर्षांत लाखो डॉलरची यंत्रणा उभी करूनही लाइनमनच्या बाबतीत कुणाला हे सहज साधलं नाही, हे आठवलं की हसू येतं.

त्या काळी पारख सोपी असण्याला एक कारणही होतं. तेच अकरा जण चढाईलाही आणि बचावालाही उतरत. त्यामुळे ‘ऑफेन्सिव्ह लाइनमन’ असा वेगळा प्राणीच नव्हता, दणकट गडी पाहिजे, बस्स. १९५० मध्ये हवे तेवढे खेळाडू बदलायची मुभा कायमची मिळाली आणि कामाची वाटणी झाली. दरम्यान लॉस एंजलिस रॅम्सने १९४६ मध्ये एडी कोटल यांना पूर्णवेळ स्काउट म्हणून नेमलं होतं. क्लीव्हलँडचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी घड्याळ आणलं. खेळाडूंना ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळवायचं आणि वेळ लावायची. पंट, म्हणजे लाथेने उंच उडवलेला चेंडू, साधारण तेवढाच लांब जातो आणि त्यामागे धावायचं असतं, असा त्यामागचा हिशेब सांगतात. सव्वाशे-दीडशे किलोचा टॅकल अख्ख्या हंगामात किती वेळा सलग ४० यार्ड पळतो? फार तर दोन-चारदा, तेही काहीतरी बिनसलं म्हणून. पण घड्याळ एकदा आलं ते गेलं नाही. हल्ली शहाणी माणसं त्यातले पहिले १० यार्डच बघतात.

मग संगणक आला आणि इथे एका भारतीयाचा प्रवेश होतो. १९६० च्या दशकात डॅलस काउबॉइज संघाचे कारभारी टेक्स श्रॅम आणि गिल ब्रँट यांनी आयबीएमच्या एका उपकंपनीची मदत घेतली. काम आलं भारतातून अमेरिकेत गेलेल्या सलाम कुरेशी या संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसाकडे. त्याचा अमेरिकन फुटबॉलशी संबंध शून्य. मला वाटतं तेच पथ्यावर पडलं. दहा स्काउट ‘चपळ आहे’ असं लिहितात तेव्हा दहा जणांच्या मनात दहा अर्थ असतात, ही खरी अडचण खेळात मुरलेल्यांना दिसतच नव्हती. प्रत्येकाने ठरावीक विधानांना १ ते ९ मध्ये गुण द्यायचे, अशी रीत बसवली गेली. शेवटी पाच गुण उरले: स्वभाव, चापल्य आणि शरीरावरचा ताबा, जिगर, बुद्धीची तल्लखता, ताकद आणि उसळी. पाचांतला एकही गुण सामन्याच्या आकडेवारीवर अवलंबून नाही, त्यामुळे कोऱ्या रकान्यावाल्या लाइनमनलाही प्रथमच एक पत्रक मिळालं. १९६७ मध्ये काउबॉइजने सातव्या फेरीत रेफील्ड राइट घेतला. फोर्ट व्हॅली स्टेट या छोट्या कृष्णवर्णीय कॉलेजातला, बास्केटबॉल खेळणारा. पुढे तो टॅकल झाला आणि हॉल ऑफ फेममध्ये पोचला.

त्याच वर्षी बेथून-कुकमन या तशाच कॉलेजातल्या लॅरी लिटलला मात्र एकाही संघाने निवडलं नाही. तोही आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कॉलेजांकडे बहुतेक संघ वर्षानुवर्षं फिरकलेच नव्हते. तिथे दोष फितीचा नव्हता की घड्याळाचा, बघायला कुणी गेलंच नव्हतं.

आता ज्या एका गोष्टीने सगळी पारख बदलली तिच्याकडे येतो. ड्राफ्टच्या चर्चेत तिचं नाव क्वचित निघतं. १९७८ पर्यंत क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमनला पंजे उघडून, हात लांब करून ढकलायची परवानगी नव्हती. मुठी छातीशी धरायच्या आणि खांद्याने, कोपराच्या पुढच्या भागाने थोपवायचं. समोरचा बचावपटू तर १९७७ पर्यंत डोक्यावर थप्पडही लगावू शकत होता. १९७८ च्या नियमाने हात मोकळे झाले. आता ज्याचा हात लांब त्याचा पंजा आधी समोरच्याच्या छातीवर पोचणार आणि समोरचा हातभर अंतरावरच अडकणार. खांद्याच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत फीत धरायची पद्धत इथून महत्त्वाची झाली. टॅकलला ३४ इंच हवेत असा एक दंडक पडला. ३३ चालवून घेतात, त्याखाली गेला की ‘याला आत गार्डला खेळवा’ सुरू होतं.

नियम नवा असतानाच, १९८० च्या ड्राफ्टआधी, अँथनी मुन्योझ नावाचा टॅकल समोर आला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, धिप्पाड. पण गुडघ्यावर तीन शस्त्रक्रिया झालेल्या, आणि कॉलेजच्या शेवटच्या हंगामात पहिल्याच सामन्यात तो पुन्हा दुखावला गेला. संघांच्या डॉक्टरांनी मान हलवली. १ जानेवारी १९८० च्या रोज बोल या कॉलेज फुटबॉलच्या सामन्याला तो परतला तेव्हा तोच पॉल ब्राउन, आता सिनसिनाटी बेंगल्सचा मालक, मुलांना घेऊन प्रेक्षकांत बसला होता. तरी खात्री हवी म्हणून बेंगल्सचे नवे प्रशिक्षक फॉरेस्ट ग्रेग स्वतः त्याला तपासायला गेले. ग्रेग हे स्वतः त्यांच्या काळातले नावाजलेले टॅकल. तालमीत वस्ताद पोराला आजमावायला लंगोट कसून उतरतो तसे ते मैदानात उतरले, बचावपटू झाले आणि त्याच्यावर चाल करून गेले. एकदा, दोनदा. मग हुलकावणी देऊन आत घुसायचा प्रयत्न केला. मुन्योझचे दोन्ही पंजे छातीवर बसले आणि प्रशिक्षक सपशेल पाठीवर. पोरगा घाबरून उचलायला धावला. ग्रेग खाली पडल्या पडल्या हसत होते. बेंगल्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. तो १३ हंगाम खेळला आणि त्यांतले ११ सलग प्रो बोलला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला. माझ्या लेखी ड्राफ्टच्या इतिहासातली सगळ्यात प्रामाणिक चाचणी हीच.

मुन्योझच्या गुडघ्यासारख्या प्रकरणांतून एक साधी गोष्ट पुढे आली. प्रत्येक संघाने प्रत्येक खेळाडूची वेगळी वैद्यकीय तपासणी करण्यापेक्षा सगळ्यांना एका जागी का बोलवू नये? १९८२ मध्ये टँपात १६३ खेळाडूंचं असं पहिलं शिबिर भरलं. १९८७ पासून ते इंडियानापोलिसला भरतं आणि ‘कम्बाइन’ म्हणून ओळखलं जातं. मूळ काम डॉक्टरांचं. बाकीचे खेळ त्याला चिकटले: १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलतो, जागच्या जागी किती उंच उडतो. त्यातला एक सराव खरोखर लाइनमनसाठीचा आहे. समोरचा माणूस डावीकडे-उजवीकडे सरकेल तसं आरशासारखं सरकायचं, कंबर खाली, पाठ ताठ, पावलांची कात्री होऊ द्यायची नाही. टीव्हीवर तो मिनिटभरही कुणी बघत नाही.

घड्याळ आणि बार यांनी सगळ्यात मोठा दगा दिला १९८९ मध्ये. मिशिगन स्टेटचा टोनी मँडरिच: वजन १३८ किलो, ४० यार्ड ४.६५ सेकंदांत, बार ३९ वेळा. इतक्या वजनाचा माणूस इतकं पळतो हे कुणी पाहिलंच नव्हतं. ग्रीन बे पॅकर्सने दुसऱ्या क्रमांकावर त्याला घेतलं. पहिल्या पाचांतले बाकीचे चार, ट्रॉय एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स, चौघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले. मँडरिच तीन हंगामांत ग्रीन बेमधून संपला. कॉलेजात स्टेरॉइड घेत होतो हे त्याने २००८ मध्ये जाहीरपणे कबूल केलं.

उलट वॉशिंग्टनची ‘हॉग्ज’ नावाची लाइन बघा. प्रशिक्षक जो ब्युगल यांनी प्रेमाने दिलेलं नाव, शब्दशः डुकरं. मार्क मे पहिल्या फेरीतला, रस ग्रिम तिसऱ्या, आणि जो जेकबी व जेफ बॉस्टिक यांना तर कुणी निवडलंच नव्हतं. जानेवारी १९८३ मध्ये याच मंडळींनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला.

याच सुमारास लेफ्ट टॅकलचा भाव चढला. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते आणि ती राखतो लेफ्ट टॅकल. १९८१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून लॉरेन्स टेलर हा बचावपटू आला आणि तो डावीकडूनच यायचा. १८ नोव्हेंबर १९८५ ला देशभर दिसणाऱ्या सामन्यात त्याच्याखाली वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय मोडला. १९६८ मध्ये रॉन येरी हा टॅकल पहिल्या क्रमांकावर गेला होता तेव्हा ते नवलच होतं. नंतर ऑर्लँडो पेस १९९७ मध्ये, जेक लाँग २००८ मध्ये आणि एरिक फिशर २०१३ मध्ये पहिले निवडले गेले.

कुस्तीवर जीव असलेल्या मराठी वाचकासाठी एक नाव सांगतोच, स्टीफन नील. १९९९ चा फ्रीस्टाइल कुस्तीचा जगज्जेता. कॉलेजच्या अंतिम कुस्तीत त्याने ब्रॉक लेस्नरला हरवलं होतं. कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता, म्हणून ड्राफ्टमध्ये नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. न्यू इंग्लंडने त्याला गार्ड केलं आणि तो सुपर बोल जिंकणाऱ्या संघात खेळला. कमरेखालून जोर कसा लावायचा हे त्याला वेगळं शिकवावं लागलं नसणार.

अलीकडे कॅमेरे आहेत, खांद्याच्या पॅडमध्ये चिप आहेत, प्रत्येक चालीला गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. चुका थांबल्या म्हणावं तर २०१८ मध्ये ऑर्लँडो ब्राउन ज्युनिअरने ४० यार्डांना ५.८५ सेकंद घेतले, बार १४ वेळाच उचलला आणि तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला. नंतर तो चारदा प्रो बोलला गेला. २०२० मध्ये पहिल्या फेरीत चार टॅकल लागोपाठ चर्चेत होते: अँड्र्यू थॉमस, जेड्रिक विल्स, मेकाय बेक्टन आणि ट्रिस्टन वर्फ्स. चौघांत सगळ्यात शेवटी, १३ व्या क्रमांकावर गेलेला वर्फ्स सर्वांत सरस निघाला.

बेक्टन ११ वा गेला होता. १६५ किलो वजन असून ४० यार्ड ५.१० सेकंदांत, सगळे तोंडात बोट घालून बघत राहिले. न्यूयॉर्क जेट्सकडे दुखापती झाल्या, तो मागे पडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोलला ईगल्सची लाइन उभी राहिली तेव्हा बेक्टन तिच्यात होता, पण टॅकल म्हणून नव्हे, राइट गार्ड म्हणून. त्याच्या शेजारी राइट टॅकल लेन जॉन्सन, चौथ्या क्रमांकावर निवडलेला, जो आधी क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला. आणि दुसऱ्या टोकाला जॉर्डन मेलाटा, ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा, २०१८ मध्ये सातव्या फेरीत २३३ वा निवडला गेला तोवर अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. ईगल्स ४०–२२ ने जिंकले. समोरच्या कॅन्सस सिटीला धड लेफ्ट टॅकल न सापडल्याने जो थुनी हा गार्ड तिथे उभा करावा लागला होता.

त्यानंतर महिन्याभराच्या आतच इंडियानापोलिसला पुन्हा फीत निघाली. लुइझियाना स्टेटचा विल कॅम्पबेल, लेफ्ट टॅकल. हात भरला ३२ पूर्णांक ५/८ इंच. काही आठवड्यांनी त्याच्याच कॉलेजात पुन्हा मोजला तर भरला बरोबर ३३. न्यू इंग्लंडने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि लेफ्ट टॅकललाच उभं केलं.