उंच माणसाला लार्ज सॅक? तसं काही नाही!

‘माणूस उंच, म्हणजे सॅक लार्ज’ हे ट्रेकर मंडळींत वर्षानुवर्षं चालत आलेलं गणित चुकीचं आहे. सॅकचं माप पाठीच्या लांबीवरून ठरतं. सहाफुटी माणसाची उंची बरेचदा पायांतच असते. त्याची पाठ बुटक्या मित्रापेक्षा आखूड निघू शकते.

मोजायचं कसं? मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी एक मणका ठळकपणे हाताला लागेल. तिथून टेप पाठीच्या वळणावरून खाली सोडायची. दोन्ही हात कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर ठेवा, अंगठे मागे. त्या दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ कण्याला जिथे छेदते, तिथपर्यंतचं अंतर हे तुमचं माप. टेप मात्र दुसऱ्याच्या हाती द्या, एकट्याने हे जमत नाही.

माप चुकलं की हिपबेल्ट, म्हणजे सॅकचा कमरेला बांधायचा पट्टा, पोटावर चढतो किंवा खाली सरकतो आणि कमरेने पेलायचं ओझं खांद्यांवर येतं. मग दुसऱ्या दिवशी खांदे बोलायला लागतात.

सॅकमध्ये किती सामान मावतं ते सांगणाऱ्या लिटरच्या आकड्याचा या मापाशी संबंध नाही. ६५ लिटरची एकच सॅक अनेकदा दोन-तीन मापांत मिळते. आणि दुकानात रिकामी सॅक पाठीवर टाकून आरशात काय बघायचं? रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते! १०-१२ किलो भरा, आधी हिपबेल्ट आवळा, मग खांद्याचे पट्टे, आणि पंधरा-वीस मिनिटं चालून बघा.