व्यसनमुक्तीचे उपचार: आजचे पर्याय आले कुठून?

महाराष्ट्रात दारूचा प्रश्न बराच काळ डॉक्टरांपेक्षा पोलिसांकडेच होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं. घरच्यांना मात्र बदनामीपलीकडे काही मिळालं नाही. फार तर मनोरुग्णालयात दाखल करायचं, आणि ती पायरी चढायची कुणाची तयारी नसायची.

उपचाराचे दोन धागे बाहेरून आले. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ १९५७ मध्ये भारतात पोहोचली. फी नाही, केसपेपर नाही. दारू सोडलेला माणूसच नव्याला धीर देतो. दुसरा धागा गोळीचा. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी डायसल्फिरामचा उपयोग मांडला. ही गोळी घेऊन दारू प्यायली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. ‘पेशंटला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून कुणी जेवणात गुपचूप औषध मिसळतं. कृपा करून असं करू नका. डायसल्फिराम नकळत पोटात गेलं आणि त्यावर दारू प्यायली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

खरी कलाटणी मिळाली ऐंशीच्या दशकात. ब्राउन शुगर, म्हणजे गर्द (भेसळीचं हेरॉईन), मुंबई-पुण्यातल्या तरुण पोरांपर्यंत पोहोचली. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी देणगी दिली. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं. तिथे आधी टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावर होणारा त्रास, उतरवायची, मग काही आठवडे ठरलेली दिनचर्या, गटचर्चा, समुपदेशन आणि घरी गेल्यावर फॉलोअप. व्यसनातून बाहेर पडलेलेच तिथे कार्यकर्ते झाले. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बायकांचा ‘सहचरी’ गट. वर्षानुवर्षं मार आणि उधाऱ्या सोसलेल्या बाईलाही उपचारांची गरज असते, हे त्याने मान्य केलं.

टर्कीचं एक सांगायलाच हवं. गर्द बंद केल्यावर अंग मोडून येतं, नाक वाहतं, झोप उडते. त्रास भयंकर, पण सहसा जीवघेणा नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर मात्र फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून ‘खोलीत कोंडून दोन दिवस ठेवू’ हा उपाय धोक्याचा. पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीतच जायला हवेत.

कायदाही हळूहळू बदलला. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात पुढे स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण मिळालं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार आपल्या कक्षेत घेतले. त्यामुळे माणसाला जबरदस्तीने गाडीत घालून नेणं, साखळीने बांधणं, मारहाण करणं हे कुठल्याही केंद्राला करता येत नाही. पैसे भरण्याआधी नोंदणी बघा, डॉक्टर रोज येतात का ते विचारा, आणि भेटू देत नसतील तर तिथे ठेवू नका. कुठे जायचं हेच सुचत नसेल, तर केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १४४४६. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.