ट्रम्पेटच्या ट्यूनिंग स्लाइडला वंगण कोणते? प्रश्नाची पार्श्वभूमी

ट्रम्पेटच्या स्लाइडला, म्हणजे नळीच्या आत-बाहेर सरकणाऱ्या भागाला, लावण्यासाठी आज वादकासमोर पातळ तेल, जेल, घट्ट ग्रीस, लॅनोलिन आणि साधे व्हॅसलीन असे अनेक पर्याय असतात, आणि त्यांतले सर्वांत चांगले कोणते, हा प्रश्न सर्रास विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. ट्रम्पेटवर एकूण चार स्लाइड असतात. त्या वेगवेगळ्या गरजांपोटी वाद्यावर आल्या आणि त्यांची कामे आजही परस्परविरोधी आहेत. संपूर्ण वाद्याचा सूर जुळवणारी मुख्य (ट्यूनिंग) स्लाइड एकदा लावली की जागची हलता कामा नये, तर तिसऱ्या व्हॉल्व्हची (बोटाने दाबताच हवा जादा नळीतून वळवणाऱ्या झडपेची) स्लाइड स्वर चालू असतानाच बोटाच्या हलक्या ओढीने पुढे जाऊन तितक्याच सहज परत आली पाहिजे. या दोन अपेक्षा एकाच वंगणाने पुऱ्या होत नाहीत, आणि त्या वेगळ्या कशा झाल्या हे वाद्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

व्हॉल्व्ह येण्यापूर्वीच्या साध्या ट्रम्पेटला बराच काळ सूर जुळवणारी स्लाइड नव्हती. 17व्या आणि 18व्या शतकांत जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे कारागीर जी ट्रम्पेट घडवत, त्यांच्या नळीचे भाग डाख न देता एकमेकांत घट्ट बसवलेले असत आणि सांध्यांतली फट मधमाश्यांच्या मेणाने बुजवली जाई. सूर उतरवायचा असेल, तर मुखिका (ओठांना लावून फुंकायचा भाग) आणि वाद्य यांच्यामध्ये एखादा आखूड नळीचा तुकडा घातला जाई. त्या काळात सांध्याला लावायच्या पदार्थाकडून एकच अपेक्षा होती : हवा गळू नये. सांधा सहज सरकावा, अशी गरज कोणालाच नव्हती, त्यामुळे मेण हा अगदी योग्य पदार्थ होता.

18व्या शतकाच्या उत्तरार्धात हे बदलले. वाद्याच्या मध्यभागी यू आकाराची सरकती नळी बसवून सूर जुळवण्याची कल्पना प्रथम हॉर्नवर आली, आणि तिचे श्रेय जर्मनीतल्या हानाऊ येथील योहान गॉटफ्रीड हाल्टेनहोफ याला दिले जाते. ट्रम्पेटने ती पुढे स्वीकारली. दिसायला सोपी असली, तरी ही रचना कारागिराची कसोटी पाहणारी आहे, कारण यूचे दोन्ही पाय एकमेकांना तंतोतंत समांतर असावे लागतात आणि आतली व बाहेरची नळी यांत शतांश मिलिमीटरमध्ये मोजावी लागेल एवढीच फट ठेवावी लागते. त्या फटीत आता असा पदार्थ हवा होता, जो हवा अडवील आणि धातूला सरकूही देईल. वंगणाचा खरा प्रश्न येथून सुरू झाला.

त्या काळी हाताशी होती ती जनावरांची चरबी आणि मेण, किंवा दोहोंचे मिश्रण. चरबीचा दोष दोन-चार आठवड्यांत उघडा पडे. हवा आणि श्वासातला ओलावा यांमुळे ती खवट होते, तिच्यातली मेदाम्ले मोकळी होतात, आणि ती पितळेतल्या तांब्यावर व जस्तावर काम करू लागतात. बरेच दिवस न उघडलेली स्लाइड ओढून काढावी, तर पायांवर हिरवट, चिकट थर दिसतो; तो तांबे आणि मेदाम्ले यांच्या संयोगाने झालेला साबणच असतो. पितळेला कळंक चढला, असे आपण ज्याला म्हणतो त्याचाच हा एक प्रकार. तो वाळला की स्लाइड जाम होते. जुन्या वाद्यांच्या अडकलेल्या स्लाइडमागे पुष्कळदा वंगणाचा अभाव नसतो, खराब झालेले वंगण असते, ही गोष्ट दुरुस्ती करणाऱ्याने आधी लक्षात घ्यावी.

19व्या शतकात स्लाइडची संख्या वाढली. हाइनरिश श्टोल्झेल याचा व्हॉल्व्ह 1814 साली पुढे आला, 1818 मध्ये त्याला आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल याला प्रशियात एकत्रित पेटंट मिळाले, आणि 1830च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या फ्रान्स्वा पेरिने याने आजच्या पिस्टनचा (वर-खाली सरकणाऱ्या दट्ट्याच्या व्हॉल्व्हचा) नमुना तयार केला. प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतःची जादा नळी असते आणि ती जुळवण्यासाठी स्वतःची स्लाइड असते. सुरुवातीला या तिन्ही स्लाइड एकदा लावून सोडून द्यायच्या होत्या. मुख्य स्लाइड मात्र वारंवार हाताळावी लागे, कारण सुराची पट्टीच गावोगावी निराळी होती. फ्रान्सने 1859 मध्ये ‘ए’ या स्वराची कंपनसंख्या सेकंदाला 435 ठरवली, इंग्लंडमध्ये ती 452च्या आसपास चढलेली होती, 440चा आकडा 1939च्या लंडन परिषदेत ठरला. मधल्या काळात कित्येक कॉर्नेट (ट्रम्पेटसारखेच एक वाद्य) आणि ट्रम्पेट चढ्या व उतरत्या पट्टीसाठी दोन स्वतंत्र मुख्य स्लाइडसह विकली जात. स्लाइड अशी पूर्ण काढून बदलायची, तर वंगण पुन्हा लावता येईल आणि धातूला खाणार नाही, असेच हवे.

याच सुमारास योग्य पदार्थही मिळू लागले. अमेरिकेतल्या टायटसव्हिल येथे 1859 मध्ये खनिज तेलाची विहीर लागल्यानंतर रॉकेल आणि खनिज तेले स्वस्त झाली. 1872 मध्ये रॉबर्ट चेसब्रो याने व्हॅसलीनचे पेटंट घेतले. व्हॅसलीन खवट होत नाही आणि पितळेला खात नाही, म्हणून चरबीच्या तुलनेत ती फार मोठी सुधारणा होती. तिची मर्यादा उष्णतेची. हाताच्या आणि श्वासाच्या उबेने ती मऊ पडते, आणि व्हॉल्व्हमधले तेल तिच्यात मिसळले की आणखी पातळ होते. 1882 मध्ये जर्मनीत ओटो ब्राऊन आणि ऑस्कर लीब्राइख यांनी लोकरीतली चरबी शुद्ध करून लॅनोलिन बाजारात आणण्याचा मार्ग खुला केला. हिला चरबी म्हणत असले, तरी रासायनिकदृष्ट्या ते मेण आहे. ते धातूला घट्ट धरते आणि बरेच पाणी सामावून घेऊनही वाहून जात नाही. ज्या नळीत प्रत्येक फुंकेबरोबर वाफ जाऊन पाणी साठते, तिथे हा गुण मोलाचा आहे. मुख्य स्लाइडसाठी शुद्ध लॅनोलिनची बरोबरी करणारे पदार्थ थोडेच आहेत, असे मी मानतो. हवे तेवढे तेल घालून ते सैल करण्याची वादकांची रीतही अजून टिकून आहे.

निवडीचा आजचा गुंता मात्र सरकत्या व्हॉल्व्ह-स्लाइडमुळे झाला, आणि त्याचे मूळ गणितात आहे. बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी सुमारे 148 सेंटीमीटर लांब असते. एक पूर्ण स्वर उतरवण्यासाठी तिची लांबी 12.25 टक्के, म्हणजे सुमारे 18 सेंटीमीटर वाढवावी लागते. ते काम पहिला व्हॉल्व्ह करतो. दीड स्वरासाठी तिसरा व्हॉल्व्ह सुमारे 28 सेंटीमीटर वाढवतो. दोन्ही मिळून 46 सेंटीमीटर होतात. पण अडीच स्वर उतरायला प्रत्यक्षात 49.5 सेंटीमीटरच्या वर लांबी लागते, कारण नळी आधीच लांब झालेली असल्याने पुढची वाढही त्याच प्रमाणात जास्त हवी. म्हणून हे दोन व्हॉल्व्ह दाबून येणारा खालचा ‘डी’ चढा लागतो, आणि तिन्ही व्हॉल्व्ह दाबून येणारा ‘सी शार्प’ त्याहून चढा. तिथे तूट सव्वासहा सेंटीमीटरच्या पुढे जाते. स्लाइडला दोन पाय असल्यामुळे ती तुटीच्या निम्मी ओढली की पुरते, आणि निर्माते तिसरी नळी थोडी लांबच ठेवत असल्याने प्रत्यक्षातली ओढ आणखी कमी असते. तरीही ती स्वराच्या आत, क्षणार्धात करावी लागते. 20व्या शतकात तिसऱ्या स्लाइडवर बोटासाठी कडे आणि पहिलीवर अंगठ्यासाठी खोगिरासारखा आधार किंवा खटका असणे रूढ झाले, तसे घट्ट ग्रीस या दोन स्लाइडवरून हद्दपार होऊ लागले. ट्रॉम्बोनवादकांनी लांब स्लाइडसाठी कोल्ड क्रीम आणि पाण्याचा शिडकावा अशी वेगळीच वाट काढली होती. ट्रम्पेटवर व्हॉल्व्ह अगदी लगत असल्याने ती सोयीची नव्हती.

या गरजेला उत्तर दिले ते यंत्रांच्या वंगणशास्त्राने. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट करणाऱ्या पदार्थात धरून ठेवलेले तेल. 1942 मध्ये क्लॅरेन्स अर्ल याने लिथियम साबणाच्या ग्रीसचे पेटंट मिळवले. ते पाण्यालाही टिकते आणि उष्णतेलाही. त्याच दशकात सिलिकोनची वंगणे आली. ती वर्षानुवर्षे बदलत नाहीत, पण धातूवरून पुरती निघतही नाहीत, आणि पुढे वाद्याला लॅकर (चकचकीत संरक्षक लेप) द्यायचे झाल्यास त्याच्या थरात खड्डे पडतात. लॅकर किंवा मुलामा नव्याने देण्याचा विचार असेल, तर सिलिकोन टाळावे. नंतरच्या कृत्रिम तेलांमुळे दाटपणा ठरवून ठेवता येऊ लागला, आणि हेटमनसारख्या उत्पादकांनी पिस्टनपासून मुख्य स्लाइडपर्यंत चढत्या क्रमाने अंक दिलेली मालिकाच काढली. माझ्या दृष्टीने उपयोग आहे तो या क्रमाचा. नाव कोणाचेही असो.

त्या क्रमातली जागा शेवटी फटीवरून ठरते. नव्या, घट्ट बसणाऱ्या तिसऱ्या स्लाइडला पातळ तेल पुरते. झिजलेल्या जुन्या स्लाइडला तेच तेल लावले, तर हवा निसटते आणि तेल व्हॉल्व्हकडे ओघळते, म्हणून तिथे जेलइतके दाट काही लागते. पहिली स्लाइड बहुधा तिसरीसारखीच हाताळली जाते. दुसरी कधी हलवायची नसल्याने तिला मुख्य स्लाइडचेच ग्रीस चालते. ग्रीस नळीच्या आतल्या तोंडाशी साचू देऊ नये, कारण तिथून ते पिस्टनवर जाते आणि पिस्टन मंदावतो. आणि सरकती स्लाइड अडखळत असल्यास वंगण बदलण्यापूर्वी तिचा व्हॉल्व्ह दाबून ती ओढून पाहावी : व्हॉल्व्ह दाबल्यावर ती मोकळी सरकली, तर अडथळा आत कोंडलेल्या हवेचा आहे, आणि तो कोणत्याही वंगणाने जाणार नाही.