महालक्ष्मीचे दोन हिशेब: १२० एकरांचं उद्यान आणि ९१ एकरांचा क्लब

महालक्ष्मी रेसकोर्सची बातमी आली की वाद ठरलेला. एक म्हणतो, श्रीमंतांच्या घोड्यांवर आमच्या कराचा पैसा कशाला? दुसरा म्हणतो, क्लब स्वतःच्या खर्चानं स्वतःचं बांधतोय, त्यात तुमचं काय गेलं? थोडा वेळ ऐकलं की लक्षात येतं, दोघं वेगवेगळ्या कामांबद्दल बोलताहेत. ‘रेसकोर्सचा पुनर्विकास’ या एकाच नावाखाली महालक्ष्मीला दोन कामं येतात. एक आहे सार्वजनिक उद्यान, दुसरं आहे क्लबच्या सोयींचं नूतनीकरण. जागा शेजारशेजारची, करार एकच, पण पैसा वेगळा, काम करणारा वेगळा आणि जाब विचारायचा तोही वेगळ्यालाच. ही गल्लत झाली की उद्यानाचीही नीट चौकशी होत नाही आणि क्लबचीही.

आधी जमिनीचं बघू. रेसकोर्स १८८३ सालचं. तिथे शर्यती भरवतो तो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, पण जमीन त्याच्या मालकीची नाही. मोठा हिस्सा राज्य सरकारचा, उरलेला मुंबई महापालिकेचा, आणि क्लब भाडेपट्ट्यानं बसलेला. हा भाडेपट्टा ३१ मे २०१३ ला संपला. त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ काहीच ठरलं नाही. थीम पार्क, उद्यान, स्मारक अशा कल्पना येत राहिल्या आणि शर्यतीही चालू राहिल्या. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांनी मतदान केलं. ५४० जण प्रस्तावाच्या बाजूने होते, १६८ विरोधात. जवळपास २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी पालिकेकडे जायचे आणि ९१ एकर क्लबकडे राहायचे, असा तो प्रस्ताव. पुढे त्याच वर्षी करार झाला. क्लबच्या ९१ एकरांची मुदत ३० वर्षांची आहे, जून २०२३ पासून धरून २०५३ पर्यंत.

आता १२० एकरांकडे वळू. हे उद्यान पालिकेनं करायचं आहे. कोस्टल रोडच्या भरावावर जी सुमारे १७५ एकर हिरवळ व्हायची आहे, तिच्याशी ते भुयारी वाटेनं जोडायचं, म्हणजे दोन्ही मिळून तीनशे एकरांच्या आसपास मोकळी जागा होईल, अशी ही कल्पना आहे. पैसा अर्थातच सरकारी तिजोरीतला. म्हणजे निविदा, अंदाजपत्रक, लेखापरीक्षण हे सगळं आलंच, आणि मुंबईत राहणाऱ्या कुणालाही त्याचा हिशेब मागता येतो. एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती स्पष्ट सांगायला हवी. मार्च २०२२ पासून पालिकेवर प्रशासक होते, सभागृहात नगरसेवक नव्हते. शहरातल्या सर्वात मोठ्या मोकळ्या जागांपैकी एकीचा व्यवहार त्याच काळात झाला. क्लबच्या सभासदांना मतदानाची संधी मिळाली, पण मुंबईकरांच्या वतीनं सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. त्यामुळे उद्यानाच्या खाली किंवा कडेला काय बांधलं जाणार, वाहनतळ किती मोठा असणार, झाडांच्या मुळांना माती किती खोल मिळणार, हे आता तरी उघडपणे विचारलंच पाहिजे.

दुसरं काम ९१ एकरांवरचं. धावपट्टी, स्टँड म्हणजे प्रेक्षकांच्या बसण्याच्या जागा, क्लबच्या इमारती आणि तबेले हे सगळं त्यात आलं. इथल्या ‘सुधारणा’ म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वातानुकूलित क्लब हाउस येतं. खरी गरज मात्र तिथे नसते, ती तबेल्यात असते.

शर्यतीचा घोडा दिवसातले बहुतेक तास आपल्या ठाणावर उभा असतो. पहाटे सराव, मग चालवणं, अंघोळ, मालिश, आणि पुन्हा ठाण. खाली अंथरलेल्या गवतात किंवा भुशात लघवी मुरते, त्यातून अमोनिया सुटतो आणि तोंड खाली घालून चारा खाणाऱ्या जनावराच्या नाकाशीच तो साचतो. छत बुटकं असेल, समोरासमोर झरोके नसतील, तर घोड्याच्या फुप्फुसांवर परिणाम होतो. ज्याचं सगळं काम दमावर चालतं त्या प्राण्याला याहून वाईट काय असेल? मुंबईच्या दमट हवेत तर हे आणखी जाणवतं. जमिनीला उतार नीट नसेल तर पाणी तुंबतं आणि खूर मऊ पडून सडतात. सईस म्हणजे मोतद्दार मंडळी त्याच आवारात राबतात, त्यांची न्हाणीघरं आणि झोपायची जागा हासुद्धा ‘सोयीसुविधां’चाच भाग आहे. नव्या आराखड्याची चर्चा होताना या लोकांचा उल्लेख फार क्वचित ऐकू येतो. माझ्या मते नूतनीकरणाचा पहिला रुपया तिथेच जायला हवा.

धावपट्टीचं गणित आणखी वेगळं. हिरवळीच्या खाली पाणी झिरपून निघून जाण्याची व्यवस्था चांगली नसेल, तर पट्टी कुठे घट्ट आणि कुठे पोचट होते. सुमारे पाचशे किलोचा प्राणी ताशी साठ किलोमीटरच्या वेगानं धावताना अशा जागी पाय पडला, तर घोडा आणि जॉकी दोघांच्याही जिवावर बेततं. हे काम करायला वेळही बेताचा मिळतो. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, नंतर पावसाळ्यात शर्यती पुण्याला. म्हणजे महालक्ष्मी रिकामं असतं तेव्हाच नेमका पाऊस कोसळत असतो. गवताला ते मानवतं, खोदकामाला नाही.

मग या ९१ एकरांवरच्या कामाला पैसा येतो कुठून? सभासदांची वर्गणी आणि प्रवेश शुल्क, लग्न-समारंभांना दिलेल्या हिरवळीचं भाडं, उपाहारगृहं, असं थोडं थोडं मिळतं. प्रायोजक असतात, पण त्यांचा पैसा बहुतेक बक्षिसांच्या रकमेत जातो. डर्बीच्या चषकावर नाव झळकावं असं कुणालाही वाटेल, तबेल्याच्या गटारावर कोण नाव घालणार? क्लबचा मोठा आधार राहतो तो पैजांवरच्या कमिशनचा, म्हणजे टोटचा. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमा होतात, त्यातून कर आणि क्लबचं कमिशन वजा होतं आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांवर वाटली जाते. बुकी स्वतःच्या जोखमीवर भाव लावतो, क्लबला त्याच्याकडून प्रामुख्यानं स्टॉलचं शुल्क मिळतं.

इथेच जीएसटीचा मुद्दा येतो. २०१७ पासून शर्यतींच्या पैजांवर २८ टक्के कर होता. तो क्लबच्या कमिशनवर लावायचा की पैजेच्या पूर्ण रकमेवर, यावर बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातच पूर्ण रकमेवर असं पक्कं झालं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्क्यांवर गेला. फरक किती पडतो ते समजायला एक साधं उदाहरण घेऊ. समजा १०० रुपयांच्या पैजेवर क्लबचं कमिशन १० रुपये आहे. कर फक्त कमिशनवर असता तर ४ रुपये झाले असते. पूर्ण रकमेवर तो ४० रुपये होतो. एवढा कर भरून खिडकीवर तिकीट काढण्यापेक्षा माणूस फोनवरच्या बेकायदा बुकीकडे वळतो. तिथे सरकारला कर नाही, क्लबला कमिशन नाही, आणि तबेल्याला छप्परही नाही. पैजांवर जबर कर असावा की नसावा यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. घरं उद्ध्वस्त झालेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण क्लबनं स्वतःच्या कमाईतून सगळं करावं असं म्हणताना ही कमाई किती आटली आहे, तेही बघायला हवं.

भाडेपट्ट्याचा परिणाम याच बाजूवर सर्वात जास्त झाला. २०१३ नंतर ज्या जागेवर उद्या आपण असू की नाही याची खात्री नाही, तिथे कोण मोठा खर्च करणार आणि कुठली बँक कर्ज देणार? स्टँड जुनाट का दिसतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. २०५३ पर्यंतची मुदत मिळाल्यावर आता कुठे कर्जफेडीचं वेळापत्रक मांडता येण्यासारखी स्थिती आली.

दोन्ही कामं एकमेकांत अडकतात ती तबेल्यांपाशी. मूळ प्रस्तावात नवे तबेले पालिकेनं बांधून द्यायचे, त्याला सुमारे १०० कोटी रुपये, असं होतं, आणि त्यावर जोरदार टीका झाली. टीकेत दम होता. तरी इथे दोन खर्च वेगळे काढता येतात. उद्यानाला जागा हवी म्हणून तबेले हलवायचे असतील, तर आहेत तसे तबेले दुसरीकडे उभे करण्याचा खर्च उद्यानाच्या खात्यात धरणं रास्त आहे. रस्तारुंदीत कुणाचं दुकान गेलं तर आपण भरपाई देतोच. पण हलवताना ते अधिक मोठे, अधिक चांगले करायचे असतील, तर त्या वाढीव सुधारणेचे पैसे क्लबनं आणि घोडेमालकांनी घालायला हवेत. हे दोन आकडे निविदेत वेगळे लिहिले, तर निम्मं भांडण मिटेल. एकच मोठा आकडा दिला की संशय येणारच.

परदेशात हे कसं झालं ते पाहण्यासारखं आहे. पॅरिसच्या लाँगशां रेसकोर्सची जमीन पॅरिस शहराची आहे आणि शर्यती भरवणारी संस्था तिथे महालक्ष्मीसारखीच भाडेकरू. तिथले स्टँड पाडून नवे बांधले, २०१८ मध्ये ते खुले झाले, खर्च सुमारे १४ कोटी युरो. काम चालू असताना २०१६ आणि २०१७ ची मोठी शर्यत शांतिली या दुसऱ्या गावच्या रेसकोर्सवर हलवली. इंग्लंडमध्ये ॲस्कॉट रेसकोर्सनं २००६ मध्ये नवा स्टँड उघडला. त्याला २० कोटी पौंडांच्या आसपास खर्च आला आणि ‘रॉयल ॲस्कॉट’ ही तिथली दरवर्षीची मोठी शर्यत २००५ मध्ये यॉर्कला भरली. दोन्ही ठिकाणी एक हंगाम किंवा दोन हंगाम दुसऱ्या गावाला न्यायची तयारी होती. आपल्याकडे पुणे आहेच. तिथली धावपट्टी कॅन्टोन्मेंटच्या बाजूला, लष्कराच्या जमिनीवर. मुंबईचा एखादा हंगाम तिथे हलवून महालक्ष्मीचं काम सलग कोरड्या महिन्यांत उरकण्याचा विचार व्हायला हरकत नाही.

उलटी उदाहरणंही आहेत. चेन्नईत गिंडी रेसकोर्सच्या १६० एकरांचा पट्टा १९४५ मध्ये ९९ वर्षांसाठी दिलेला होता. भाड्याच्या थकबाकीचा वाद ७३० कोटींवर गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तामिळनाडू सरकारनं पट्टा रद्द करून जमीन ताब्यात घेतली. सिंगापूरनं तर शर्यतीच बंद केल्या. तिथल्या क्रांजी रेसकोर्सवर शेवटची शर्यत ५ ऑक्टोबर २०२४ ला झाली, आणि जमीन घरांसाठी सरकारकडे परत जाणार आहे. महालक्ष्मीत ९१ एकर राखून १२० एकर सोडले गेले, ते या पार्श्वभूमीवर. क्लबनं पुष्कळ गमावलं असं जुने सभासद म्हणतात. मला तसं वाटत नाही. मुदत संपलेल्या भाडेकरूला तीस वर्षं मिळाली आहेत.

एक गोष्ट मात्र दोन्ही खात्यांच्या मधोमध पडून राहण्याची भीती आहे. वर्षानुवर्षं वरळी, ताडदेव, लोअर परळची माणसं सकाळ-संध्याकाळ रेसकोर्सच्या आत चालायला, धावायला येतात. हा रिवाज आहे, हक्क नाही. उद्या त्यांची पायवाट उद्यानात गेली तर वेळा पालिका ठरवेल. ती क्लबच्या हद्दीत राहिली तर क्लब ठरवेल, आणि नव्या सुरक्षारक्षकाला जुना रिवाज माहीत असायचं कारण नाही. दरवाजे कोणते, वेळा कोणत्या, शर्यतीच्या दिवशी काय, शुल्क लागणार का, हे आराखडा मंजूर होण्याआधी लिहून घ्यायला हवं. त्यासाठी पालिका आणि क्लब या दोघांनाही वेगवेगळं पत्र पाठवावं लागेल, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याला बांधील नाही.